नंबर कितवा?

स्पर्धेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "नंबर कितवा आला?" मग ती स्पर्धा वक्तृत्वाची असो, रांगोळीची असो, नाहीतर लिंबू-चमच्याची असो. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डोंगरांतल्या कच्च्या वाटांवरून शंभर मैल सायकल हाकून आलो, तेव्हा लालबागहून आबांचा फोन आला आणि त्यांनीही नेमके हेच विचारले. मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. ती सारी हकीकत सांगायची तर थोडे पाल्हाळ लागेल. पण दिवाळीचे दिवस आहेत, फराळाचे ताट समोर आहे, वाचकांना सवड असेल असे धरून चालतो.

ही शर्यत लेडव्हिल नावाच्या गावी दर ऑगस्टमध्ये होते. गाव समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहूनही थोडे वर. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फूट. म्हणजे महाबळेश्वरावर दुसरे महाबळेश्वर ठेवून वर आणखी एखादी टेकडी ठेवावी, तेव्हा कुठे लेडव्हिल लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे चांदी सापडली आणि गाव रातोरात श्रीमंत झाले. १८९३ साली चांदीचा भाव कोसळला आणि ते तितक्याच तातडीने गरीबही झाले. पुढे जवळच्या क्लायमॅक्स येथील मॉलिब्डेनमच्या खाणीने गावाला पुष्कळ वर्षे पोसले. पोलादाला कणखर करणारी ही धातू. पण पोलादाचा धंदा मंदावला आणि १९८२ साली ती खाण बंद पडली. सुमारे तीन हजार माणसे घरी बसली.

१९८२! लालबाग-परळच्या माणसाला या सालाची आठवण करून द्यावी लागत नाही. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांतला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. आमचे आबा त्या अडीच लाखांतले एक. ते साचेवाले होते, म्हणजे माग चालवीत. गिरणीत त्यांना नावाने फारसे कोणी ओळखत नसे. तिकीट नंबराने ओळखत. पगार त्या नंबरावर, खाडा त्या नंबरावर, बोनसही त्याच नंबरावर. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, आणि आमच्या खोलीत त्या नंबराला कुलदैवताइतका मान होता असे म्हटले तरी चालेल.

संप लांबला तसे आबांनी एक जुनी सायकल घेतली आणि पेपरची लाईन धरली. पहाटे चारला दादरला जायचे, गठ्ठे कॅरियरला बांधायचे, टिळक पुलावरून पलीकडे यायचे आणि घरोघर पेपर टाकायचे. शाळेपूर्वी मी त्यांच्याबरोबर जात असे. पुलाचा चढ लागला की अर्ध्यावर आबा खाली उतरत आणि सायकल ढकलू लागत. मला लाज वाटे, कारण शेजारून दूधवाले उभ्याने पायडल मारीत पुढे निघून जात. एकदा मी तसे बोललो. आबा म्हणाले, "दम हाय तवर उतरावं, लेका. दम संपल्यावर जो उतरतो, त्याला सायकल ढकलवतबी न्हाई."

असो. मी पुढे इंजिनिअर झालो, नोकरीनिमित्त डेन्व्हरला आलो आणि तिथलाच झालो. सायकल सुटली ती सुटलीच. पंचेचाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहून भुवया चढवल्या, आणि त्याच सुमारास चिरंजीव कॉलेजला गेले व त्यांची जाड टायरांची सायकल गॅरेजमध्ये धूळ खात पडली. या दोन घटनांची सांगड आमच्या सौभाग्यवतींनी घातली. "अहो, ती सायकल तरी विका, नाहीतर तुम्ही तरी तिच्यावर बसा," असे त्या म्हणाल्या.

ही डोंगरी सायकल कशी जन्मली तेही सांगण्याजोगे आहे. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरांच्या वजनदार सायकली टेकडीवर नेत आणि मातीच्या उतारावरून शर्यती लावीत. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यांतली पुढे नावारूपाला आलेली नावे. उतार इतका तीव्र, की मागच्या चाकातल्या ब्रेकमधले ग्रीस तापून धूर होऊन उडून जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच पडले 'रिपॅक'! त्या उनाडपणातून आजची ही सायकल निघाली. माझ्या सायकलीला पुढे तीस दात्यांचे चक्र आहे आणि मागे सर्वांत मोठे पन्नास दात्यांचे. पायडलाचा पुरा फेरा मारला तरी चाकाचा पुरा फेरा होत नाही. अशाने तुम्ही भिंतीसारखा चढही चढता, मात्र चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. टायरात ट्यूब नसते. आत दुधासारखा एक चिकट द्रव असतो, बारीक छिद्र पडले तर तो आपोआप बुजवतो. हवाही आपल्या साध्या सायकलीपेक्षा पुष्कळ कमी ठेवतात. टायर दगडावर किंचित बसले पाहिजे, नाहीतर ते दगडावरून उडते आणि त्याबरोबर आपणही.

क्लायमॅक्सची खाण बंद पडल्यावर केन क्लूबर नावाच्या तिथल्या एका खाणकामगाराच्या डोक्यात असे आले, की लोकांना या गावात निदान एक रात्र मुक्काम करायला लावले पाहिजे, म्हणजे खानावळी आणि खोल्या चालतील. त्यासाठी त्याने काय काढावे? शंभर मैल धावण्याची शर्यत! ती १९८३ साली सुरू झाली. १९९४ पासून तशीच सायकलची. क्लायमॅक्सची खाण पुढे २०१२ साली पुन्हा उघडली, पण तोवर ह्या शर्यतींनी गावाचे नाव जगभर नेले होते. आमच्या गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते वाचकांना ठाऊकच आहे.

सायकलच्या शर्यतीला दीड हजारांच्या आसपास माणसे असतात. जिंकणारे थोडेच. डेव्ह वीन्सने २००३ ते २००८ अशी ओळीने सहा वर्षे ती जिंकली. २०१५ साली आल्बान लकाटा हा पहिल्यांदा सहा तासांच्या आत आला, आणि २०२३ साली कीगन स्वेन्सनने पाच तास त्रेचाळीस मिनिटांत ती पुरी केली. बाकी आम्हा पामरांसाठी बक्षीस एकच : बारा तासांच्या आत जो येईल त्याला कमरपट्ट्याचे चांदीच्या रंगाचे एक भले थोरले बक्कल मिळते. नऊ तासांच्या आत आला तर त्याहून मोठे. ह्या बकलासाठी डॉक्टर, वकील, शाळामास्तर, आजोबा, आज्या वर्षभर झिजतात. बरे, नुसते यायचे म्हणूनही येता येत नाही. अर्ज फार, म्हणून सोडत काढतात.

२०१८ साली माझा अर्ज सोडतीत निघाला. मी आनंदाने लालबागला फोन लावला आणि ओरडलो, "आबा, माझा नंबर लागला!"

क्षणभर पलीकडून आवाज नाही. मग हळूच प्रश्न आला, "कुठल्या गिरणीच्या जागेवर?"

गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती २०१२ साली सुरू झाल्या होत्या, आणि आबांचा अर्ज त्यांत होता. तिकीट नंबर, हजेरीचे कागद, सगळे व्यवस्थित जोडलेले. प्रत्येक सोडतीनंतर यादी पाहायची आणि चष्मा काढून ठेवायचा, हा त्यांचा क्रम. मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. घराचा नव्हे, सायकलच्या शर्यतीचा नंबर लागला, असे मी सांगितले. आबांनी थोडा विचार करून विचारले, "पैसे ते देणार का तू?" "मी." "बरं, बरं," असे म्हणून त्यांनी फोन भावाकडे दिला.

त्या पहिल्या वर्षीची हकीकत थोडक्यातच सांगतो. आदल्या संध्याकाळी आम्ही लेडव्हिलला पोहोचलो. डेन्व्हर स्वतः मैलभर उंचीवर आहे, तेव्हा मला उंचीचे काय, असा माझा तोरा होता. रात्रभर डोके ठणकले, डोळा लागला नाही. सकाळी साडेसहाला बंदुकीचा बार उडतो आणि शर्यत सुटते. ऑगस्ट महिना, पण बोटे थंडीने गोठलेली. पहिला चढ सेंट केव्हिन्सचा. त्यावर इतकी गर्दी, की एकाचा पाय जमिनीला लागला की मागच्या पन्नासांचे लागतात. खिशात मी शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की घेतली होती. त्या विरळ हवेत तोंडाने धापा टाकाव्या लागतात. तोंडात चिक्की धरली तर श्वास कोंडतो आणि श्वास घेतला तर चिक्की गिळवत नाही. चार तासांत माझ्या पोटात अडीच लाडू गेले. शुगरलोफच्या खिंडीनंतर पॉवरलाइन नावाचा उतार आहे. विजेच्या तारांखालून सरळ खाली गेलेला, पावसाने खोल चऱ्या पाडलेला. तो पाहून माझी छाती दडपली आणि मी खाली उतरून सायकल हाताने नेली. चाळिसाव्या मैलावर ट्विन लेक्सच्या धरणापाशी चार तासांच्या आत पोहोचले पाहिजे, नाहीतर पुढे सोडत नाहीत. मी नऊ मिनिटे उशिरा पोहोचलो. एका स्वयंसेवकाने मोठ्या अदबीने माझी वाट अडवली. सौभाग्यवती थर्मास घेऊन उभ्या होत्या. "अहो, उतरा आता. चहा आणलाय," एवढेच त्या म्हणाल्या. परतीच्या दोन-अडीच तासांत गाडीत आणखी काही बोलणे झाले नाही.

आबांना कळवले. ते म्हणाले, "उतरलास कुठं?" मी सांगितले, उतारावर. "उतारावर?" ते जवळजवळ ओरडलेच, "चढाला उतरायचं असतं रं, येड्या!"

पुढचे वर्ष मी उतार शिकण्यात घालवले. अंग मागे न्यायचे, टाचा खाली, कोपर सैल, आणि नजर समोरच्या दगडावर न ठेवता त्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेवर ठेवायची. हे शेवटचे फार अवघड. दगडाकडे पाहिलेत की चाक दगडावर गेलेच म्हणून समजा. खाण्याचाही बंदोबस्त केला. सौभाग्यवतींनी मऊ भात, मेतकूट, तूप आणि मीठ कालवून लहान लहान गोळे वळले व कागदात गुंडाळून दिले. न चावता गिळता येतील असे. बाटलीत साखर-मिठाचे पाणी. दर अर्ध्या तासाला एक गोळा, भूक असो वा नसो. आणि लेडव्हिलला दहा दिवस आधी जाऊन राहिलो, म्हणजे रक्ताला त्या उंचीची थोडी सवय व्हावी. २०१९ च्या सोडतीत पुन्हा नाव निघाले होते. आमच्या घराण्यातले सोडतीचे सगळे नशीब माझ्याच वाट्याला आले असावे. (हे मी आबांना अर्थात बोललो नाही.)

ह्या खेपेस पॉवरलाइनचा उतार मी सायकलवरून उतरलो. तोंडातून रामनाम चालू होते हे कबूल करतो. वाट जाऊन-येऊन एकच असल्याने, मी ट्विन लेक्सला पोहोचण्याआधीच पहिले वीर परत जाताना समोरून भेटले. सूं करून गेले. त्यांचा चेहरा शांत होता, जणू कोपऱ्यावरून भाजी आणायला निघाले आहेत. धरणापाशी मी वीस मिनिटे राखून पोहोचलो. सौभाग्यवतींनी बाटल्या बदलल्या, भाताचे गोळे खिशात कोंबले आणि मला चक्क पाठीवर थाप मारून हाकलले.

आता कोलंबाईन. साडेनऊ हजारांच्याही खालून साडेबारा हजार फुटांच्या आसपास, एका जुन्या खाणीपर्यंत, एका दमात नेणारा चढ. खालचा रस्ता बरा आहे. वर झाडे संपतात आणि नुसता सुटा दगड लागतो. तिथल्या हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोनतृतीयांशाहूनही कमी. वीस पावले टाकली की जिना चढून आल्यासारखी धाप लागते. आता सायकलवर कोणीच नव्हते. माणसांची एक लांबच लांब रांग सायकली ढकलीत वर चालली होती. कोणी बोलत नाही, फक्त बुटांखाली दगडांचा खडखडाट. मला पहाटेच्या टिळक पुलाची आठवण झाली. सगळेच आबा! मी दम असतानाच उतरलो होतो. माझ्या पुढचा एक धिप्पाड तरुण शेवटपर्यंत सायकलवरून उतरला नव्हता. तो वाटेच्या कडेला बसून पाय धरून कण्हत होता.

माथ्यावर सव्वासहा तास झाले होते. हिशेब अगदी जमत होता. ढग दाटून आले, थंड वारा सुटला आणि मी खाली निघालो. अर्ध्या वाटेवर धारदार दगडाने मागचे टायर चिरले. आतल्या दुधाने बुजावे एवढे ते छिद्र लहान नव्हते. अशा वेळी चिकट रबराची वळी एका जाड सुईत ओवून टायरात खुपसतात. घरी बसून हे काम एका मिनिटाचे. गारठलेल्या बोटांनी दोन वळ्या दरीत पडल्या, तिसरी बसली. मग हवा भरली. ह्यात बारा मिनिटे गेली. ही बारा मिनिटे मी पुढे किती वेळा मोजली असतील, देव जाणे.

ऐंशीव्या मैलाच्या सुमारास पुन्हा पॉवरलाइन, आता चढ म्हणून. आबांची आज्ञा पाळून पायथ्याशीच उतरलो आणि तारांची गुणगुण ऐकत तासभर ढकलत राहिलो. त्यानंतरचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. टर्कॉइज तळ्याचे निळे पाणी. एका अनोळखी मुलीने हातात दिलेली कलिंगडाची फोड. भाताचा शेवटचा गोळा, जो मी गिळला आणि जो बराच वेळ घशातच होता. शेवटचे तीनेक मैल बुलेव्हार्ड नावाच्या कच्च्या रस्त्याने गावात चढतात. तिथे मनगटावरच्या घड्याळात बारा तास पुरे झाले. मराठीत म्हणतो तसे माझे अक्षरशः बारा वाजले. गावाचे छप्पर दिसत होते आणि बक्कल गेले होते.

आमच्या घोळक्यात सात-आठ जण होते. कोणी काही बोलले नाही; पण पायडलांचा वेग एकदम उतरला. एकजण सायकलवरून उतरून चालू लागला. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या. सबंध तोंड धुळीने माखलेले. त्यांनी घड्याळ पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि एक भक्कम शिवी हासडून दाते बदलले व पाय जोरात मारू लागल्या. का कुणास ठाऊक, मीही त्यांच्या मागोमाग निघालो. आता घाई कशाची होती? कशाचीच नाही. तरी आम्ही दोघे पाठीमागे पोलीस लागल्यासारखे त्या चढावर सायकली हाणत होतो. सहाव्या रस्त्यावर लाल गालिचा घातलेला असतो. त्यावरून पलीकडे गेलो तेव्हा बारा तास चौदा मिनिटे झाली होती. दिवसभर उभी राहिलेली माणसे अजूनही टाळ्या वाजवत होती. त्या बाई सायकल टाकून रस्त्यातच आडव्या झाल्या आणि हसत सुटल्या. सौभाग्यवती धावत आल्या. त्यांनी घड्याळ पाहिले नसावे. किंवा पाहूनही बोलल्या नसतील.

मग रात्री आबांचा तो फोन. "नंबर कितवा?" मी गप्पच. "पुरी केलीस का?" "केली; पण चौदा मिनिटं उशीर झाला. बक्कल नाही मिळालं." "सायकल?" "ठीक आहे. टायर चिरलं." "मंग झालं," आबा म्हणाले, आणि एवढ्या लांबचा फोन महाग पडतो ह्या त्यांच्या जुन्या समजुतीने त्यांनी तो ठेवून दिला.

त्या वर्षी दिवाळीला मी लालबागला गेलो. सायकलच्या हँडलला लावतात ती प्लास्टिकची पाटी बरोबर नेली होती. तिच्यावर मोठ्या आकड्यांत माझा स्पर्धक-क्रमांक : १२१८. धूळ पुसली नव्हती. आबांनी ती उलटसुलट करून पाहिली, चष्मा लावून आकडा वाचला आणि कालनिर्णयाच्या शेजारच्या खिळ्याला अडकवली. त्या खिळ्याला पूर्वी काय असे, ते मला आठवत होते. सोडतीचे कागद ठेवायची पिशवी. ती आता खाली कपाटात गेली होती.

पाडव्याला चाळीतले एक गृहस्थ फराळाला आले. जुने बँकवाले; हिशेबाला पक्के. पाटीकडे पाहून त्यांनी कौतुकाने विचारले, "पोराचा नंबर वाटतं? बाराशे अठरावा? होते तरी किती जण?"

मी तोंड उघडणार, तोच आबा म्हणाले, "न्हाई, न्हाई. ते त्याचं तिकीट हाय." आणि चकलीचा तुकडा मोडून त्यांनी चहात बुडवला.